पालेवाल्यांचा बंगला

सरळगावच्या स्टँडवर बाबांनी माझी पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. किन्हवलीहून आम्हाला घेऊन आलेली एसटी मुरबाडकडे निघून गेली होती आणि टोकावड्याकडे जाणारी अजून यायची होती. हे पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेले होते. बाबा माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघून बोलले, "सासरी धाडली तवा घर बघून धाडली. आता कुठं धाडतोय तेच म्हायत नाय."

मला चारचौघांत बोलायला कधीच जमलं नाही, आणि बाबांसमोर तर नाहीच. पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिले.

"मी तुला भेटाय कुठं येऊ गो?" बाबा म्हणाले. "त्या साहेबांच्या बंगल्यावर? तिथं मी पावना कोनाचा?"

तेवढ्यात गाडी आली. बाबांनी पेटी आत सरकवली. मी खिडकीतून हात हलवला तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, डोक्यावरचं टापरं काढून झटकलं आणि पुन्हा बांधलं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सासर मुरबाड तालुक्यातलं, पण तिथे दोन खोल्यांत तीन भावांचे संसार. यांना कोणीतरी सांगितलं की टोकावड्याच्या वर जंगलात पुण्याची माणसं आली आहेत, झाडांचा अभ्यास करायचं केंद्र काढणार आहेत, त्यांना राखणीला एक गडी आणि स्वयंपाकाला बाई पाहिजे, राहायला जागा देतात. हे जाऊन हो म्हणून आले. मी दिवाळीला माहेरी होते, तिथूनच परस्पर निघाले.

आमच्या गावातून जी माणसं बाहेर पडतात ती सगळी शहापूरकडे तोंड करून. शहापूर, आसनगाव, तिथून पुढे कल्याण, ठाणे, मुंबई. गेलेला माणूस सणाला येतो, त्याच्या बोलण्यात टाइम, पास, फास्ट असे शब्द येतात, आणि लोक त्याच्याभोवती ऐकत बसतात. मी उलट्या बाजूला गेले. जिथे गाव संपतं, रस्ता संपतो, लाइटचे खांब संपतात, तिकडे. त्यामुळे मी गेले असं कोणाला वाटलंच नाही. मुंबईला गेलेल्यांची चौकशी होते. माझी लीलाने, माझ्या धाकट्या बहिणीने, तेवढी केली.

टोकावड्याला उतरून पुढे चढ होता. वर पोहोचलो तर बंगला वगैरे काही नव्हता. एक लांब पत्र्याची शेड, एक तंबू, आणि बाजूला कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं स्वयंपाकघर. त्याला लागून आमची खोली. केंद्रात माणसं दोनच. एक मोठे सर, पुण्याचे, बारीक, गळ्यात कायम दुर्बीण. दुसऱ्या शैलजा मॅडम, केरळच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, लग्न न झालेल्या. या दोघांनी ते केंद्र सुरू केलं. पुढे पुष्कळ आले, पण पहिले हे दोघं.

मॅडमचं काम पानांचं होतं. झाडाखाली लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी लावून ठेवायच्या. झाडावरून पडलेलं पान त्यात पडायचं. मग पानं वेगवेगळी करायची, ऐनाची वेगळी, सागाची वेगळी, किंजळाची वेगळी, वाळवायची, तोलायची. दुसरं काम म्हणजे प्लॉट. शेडजवळचाच जंगलातला एक तुकडा दोरी बांधून वेगळा केला होता. त्यात पडलेला पाला तसाच ठेवायचा, कोणी हात लावायचा नाही. जाळीच्या छोट्या पिशव्यांत पानं भरून, पिशवीला नंबराचा पत्रा अडकवून, त्याही तिथे ठेवलेल्या. पान कुजायला किती काळ लागतो आणि कुजून मातीला काय देतं, हे बघायचं होतं. हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला मला वाटायचं, शहाण्या माणसांना कसला तरी नाद लागला आहे.

आसपासच्या लोकांनाही तसंच वाटायचं. त्यांनी केंद्राला नाव ठेवलं, पालेवाल्यांचा बंगला. टोकावड्याच्या दुकानात तेल आणायला गेले की दुकानदार सगळ्यांसमोर विचारायचा, "काय वैनी, आज किती पाना मोजली?" मी मान खाली घालून पिशवी पुढे करायची. हे नाव किन्हवलीपर्यंत पोचलं. माझ्या गावात बाबांना लोक विचारायचे, जावई काय करतो? आणि बाबांनी उत्तर द्यायच्या आतच कोणीतरी म्हणायचं, "पाला राखतो." लीलाने हे मला नंतर सांगितलं.

एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या पहिल्या वर्षी कळलं. हे सकाळी सरांबरोबर जंगलात जायचे ते उन्हं उतरल्यावर यायचे. माझी भाकरी, भाजी, भांडी सगळं दुपारपर्यंत उरकायचं. मग काय? गावाकडे दुपारी भाताच्या गिरणीचा आवाज असतो, कोणाचं तरी भांडण असतं, कोणाची तरी म्हैस सुटलेली असते, दारावरून जाणारी बाई हाक मारून जाते, "जेवलीस काय गो?" इथे तेवढी एक हाक मारायला कोणी नव्हतं. ओढ्यापलीकडे ठाकरांची वाडी होती, पण त्यांची बोली वेगळी आणि मी अशी बुजरी. मी कोंबड्या पाळल्या आणि त्यांना विचारू लागले, जेवल्यात काय गो? एकदा हे अचानक मागून आले आणि हसत सुटले. मी पुढे काही दिवस कोंबड्यांशीही बोलले नाही.

जेवायचं म्हणाल तर साहेब लोकांना शेडमध्ये वाढायचं आणि आपण स्वयंपाकघरात एकटीने खायचं. माहेरी मी कधी एकटी जेवले नव्हते.

एके दिवशी सर पुण्याला गेलेले, हे मुरबाडला. मी मॅडमना ताट दिलं आणि आत येऊन बसले. थोड्या वेळाने त्या ताट घेऊन चुलीपाशी आल्या, भुईवर मांडी घालून बसल्या आणि जेवू लागल्या. मराठी त्यांना येत नव्हतं, माझं हिंदी म्हणजे रेडिओवर ऐकलेलं. मी म्हटलं, "भात घ्या." त्या म्हणाल्या, "भात घ्या." मी हसले. त्याही हसल्या. तिथून सुरुवात झाली.

त्यानंतर दुपारी मी त्यांच्याबरोबर पानं निवडायला बसू लागले. तांदूळ निवडायची सवय असलेल्या हाताला ते काम जड नव्हतं. त्या पान उचलून विचारायच्या, मी नाव सांगायची. त्या पानांबरोबर माझी भाषाही उचलत होत्या, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एकदा पुण्याहून मोठे पाहुणे आले, सुटाबुटातले. मॅडम त्यांना अगदी आदराने म्हणाल्या, "बसा. तुमी जेवला काय? आमी नाय जेवला." पाहुणे बघतच राहिले. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मॅडम, तुम्ही तर मुरबाडच्या झालात," ते म्हणाले. मॅडमना काय चुकलं ते कळेना. त्या माझ्याकडे वळल्या, "काय गो, बरोबर नाय?" मी पदर तोंडाला लावून आत पळाले. आणि माझ्या तोंडातही त्यांचे शब्द बसले. सॅम्पल, प्लॉट, डेटा. यांनी मागितलेलं मीठ मी "सॅम्पल आहे का बघते" म्हणून देऊ लागले.

पण मॅडमही जाणाऱ्याच होत्या. त्यांचं काम येत्या पावसाळ्यानंतर संपणार होतं. म्हणून सोबत असूनही मला ती उसनी वाटायची.

मला एकच हवं होतं. बाबांनी एकदा यावं, माझ्या चुलीपाशी बसावं, माझ्या हातचा भात खावा आणि हे माझं घर आहे असं म्हणावं. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी एकदा जेवून आला की मग ते घर धरलं जातं. तोवर ती कुठेतरी राहते एवढंच. मी पुढच्या दिवाळीला निरोप धाडला, बाबा आले नाहीत. संक्रांतीला धाडला, आले नाहीत. लीलाचा निरोप आला, "बाबा बोलतात, साहेबांच्या दारात जाऊन उभा राहू काय?"

मग उन्हाळ्यात, निरोप न धाडता, एक दिवस बाबा आले. डोक्यावर बोचकं, हातात काठी, घामाने भिजलेले. मी पाणी घेऊन धावले. त्यांनी आधी पत्र्याच्या शेडकडे पाहिलं.

"हा बंगला काय?" ते म्हणाले. "लोक बंगला बंगला बोलतात. आपला गोठा बरा यापेक्षा."

मॅडम बाहेर आल्या. "बाबा, बसा. ऊन लय हाय. पानी प्याला काय?"

बाबा चकित होऊन माझ्याकडे बघू लागले. "ही आपल्याच बाजूची हाय काय गो?"

"नाय बाबा. केरळची."

"म्हंजे नाशकाच्या पलीकडं?"

"लय पलीकडं. दुसऱ्या टोकाला."

"आणि हितं एकटी रवते?" बाबांनी काठी भिंतीला टेकवली. "हिचा बापूस कसा काय राजी झाला?"

त्या दिवशी बाबा माझ्या चुलीपाशी बसून जेवले. भात दोनदा मागून घेतला. पण ज्याची मी वाट पाहत होते ते काही बोलले नाहीत. जेवल्यावर बाहेर जाऊन झाडांखाली फिरत राहिले. खाली वाकून पाला हातात घ्यायचे, चुरडायचे, वास घ्यायचे. "इतका पातेरा," ते परत येऊन म्हणाले, "आणि कोन उचलीत नाय. सोना पडलाय गो, सोना."

हे समजायला आमच्याकडचा राब ठाऊक पाहिजे. पावसाच्या आधी रोपांच्या जागेवर शेण, त्यावर पाला आणि कवळ, म्हणजे तोडलेल्या पानाळ डहाळ्या, त्यावर गवत आणि माती असे थर घालायचे आणि ते भाजायचं. त्या राखेत बी पेरलं की रोप जोमाने येतं, तण येत नाही. ज्याचा राब भाजला त्याचं साल उभं राहिलं. आणि या राबासाठी पाला मिळवणं हेच आमच्याकडे मोठं काम. तो लांबून डोक्यावरून आणायचा, त्यावरून भावाभावांत बोलाचाली व्हायची. ज्याला पाला राखायचा असेल तो झाडाला गवताची गाठ मारून, नाहीतर दोरी बांधून खूण करतो. ती खूण दिसली की समजायचं, हा कोणाच्या तरी राबाला राखलेला आहे.

दुसऱ्या दिवशी टोकावड्याचा बाजार होता. मी आणि मॅडम बाजाराला गेलो. सर आणि हे जंगलात. बाबा म्हणाले, "तुमी जावा. मी बसतो हितं राखनीला."

परत येताना चढावरूनच धूर दिसला. जंगलात आग म्हणून मॅडम पिशव्या टाकून धावत सुटल्या. मी मागून धापा टाकत आले. आग जंगलात नव्हती. आमच्या स्वयंपाकघरामागे, जिथे भांड्यांचं पाणी जायचं त्या तुकड्यावर, चौकोनी, नीट बांधलेला राब मंद जळत होता. कडेने माती रचलेली, वाऱ्याची बाजू धरून पेटवलेला, एक ठिणगी बाहेर जाणार नाही असा. बाबा काठीने कडा सारख्या करत होते. चेहरा काळा झालेला आणि इतका आनंदी, की मी त्यांना लग्नातही तसं पाहिलं नव्हतं.

"बघ गो," बाबा म्हणाले. "भात नाय तर नाचनी तरी लाव. चूल होती, राब नव्हता. आता झाला घर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी मला मॅडम दिसल्या. त्या प्लॉटच्या कडेला उभ्या होत्या. दोरी तशीच होती. आतली जमीन झाडून काढल्यासारखी उघडी. जाळीच्या पिशव्या रिकाम्या करून, धुऊन, दोरीवरच वाळत घातलेल्या. नंबरांचे पत्रे शेडच्या खिडकीत एकावर एक रचून ठेवलेले. मॅडम खाली बसल्या. मोकळ्या जमिनीवर हात ठेवून बसून राहिल्या.

तेवढ्यात हे धूर बघून धावत आले. "कोनाला इचारून हात लावला?" हे बाबांवर ओरडले. मी यांना सासऱ्याशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "वरसाची मेहनत हाय त्यांची! माझी नोकरी जाईल आता! दोरी दिसली नाय काय तुमाला?"

"दोरी दिसली म्हनून तं तिथला उचलला," बाबा म्हणाले. "मला वाटला, जावयानी राबाला राखलाय. राखलाय आणि टाइम नाय भेटला भाजायला. म्हटला, आपुन भाजून देऊ."

बाबांना हळूहळू कळत गेलं. त्यांनी काठी टेकवली आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पडलेल्या पानाला पन मालक असतो," ते म्हणाले. "मला नाय म्हायत."

बोचकं बांधून ते निघाले. मी म्हटलं, "बाबा, जेवून जा. भात टाकते."

"नको. साहेबांचा काल लय खाल्ला."

मी वळणापर्यंत मागे गेले. त्यांनी मला पुढे येऊ दिलं नाही. संध्याकाळी सर आले, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, चूक आपली आहे. त्यांना सांगायला नको का? कुठे आहेत ते, मी बोलतो त्यांच्याशी." पण बाबा तेव्हा सरळगावच्याही पुढे गेले असतील. ते वाक्य ज्याच्यासाठी होतं त्याला कधी मिळालंच नाही.

पुढचे दिवस मी मॅडमच्या समोर जायचं टाळत होते. ताट ठेवून मागे वळायची. एका दुपारी त्या चुलीपाशी आल्या आणि नेहमीसारख्या मांडी घालून बसल्या.

"राब भाजला ना?" त्या म्हणाल्या. "मग पेर."

मी नको म्हणून मान हलवली.

"माझा बाबा हितं कधीच नाय आला," मॅडम म्हणाल्या. "बोलतो, जंगलात रवते ती माझी पोर नाय. तुझा आला. आला नि काम करून गेला. पेर गो."

त्यांना पावसाळ्यानंतर जायचं होतं. पण प्लॉट पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा म्हणून त्या आणखी एक वर्ष राहिल्या. बाबांच्या त्या चुकीने मला एका वर्षाची सोबत मिळाली, आणि त्याच चुकीने बाबा माझ्या दारातून गेले. यातलं काय जास्त आणि काय कमी, मी अजून ठरवू शकले नाही.

मी लीलाला निरोप धाडला, नाचणीचं बी पाहिजे. मला वाटलं उत्तर येणार नाही. आठवड्याभरात टोकावड्याच्या दुकानदाराने हाक मारली, "ओ वैनी, कंडक्टर पुडका ठेवून गेलाय." फडक्यात बांधलेलं बी होतं. कंडक्टरने दुकानदाराला आणि दुकानदाराने मला निरोप दिला, "म्हाताऱ्यांनी सांगितलाय, बी जुना नाय, अंगनात सुकवलेला हाय." नाचणी चांगली आली. सरांनी स्वतः येऊन पाहिली. त्यानंतर दर उन्हाळ्यात बी येत राहिलं. बाबा आले नाहीत. मी माहेरी गेले की आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. त्या दिवसाचं त्यांनीही कधी काढलं नाही, मीही नाही.

मॅडम गेल्या त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात काही ठेवलं नाही, मीही त्यांना काही दिलं नाही. जीप सुरू झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवलीस काय गो?" मी म्हटलं, "जेवले." खोटंच होतं.

पुढे पक्की इमारत झाली, बोर्ड लागला, वीज आली. तरुण पोरं-पोरी येत, जीन्स घालत, कॉम्प्युटर आणत. चांगली होती, ताई ताई करत. पण कोणी स्वयंपाकघरात मांडी घालून बसलं नाही, आणि मीही कोणाला माझी भाषा दिली नाही. माझी सुनीता तिथेच झाली. सर म्हातारे झाले, येणं कमी झालं. मग पैसा यायचा बंद झाला असं ऐकलं, आणि एक दिवस केंद्रालाच कुलूप लागलं. आम्ही मुरबाडला आलो. यांना एमआयडीसीत वॉचमनचं काम मिळालं, सुनीताला शाळा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीला ग्रील. खाली दिवसभर हॉर्न. इतकी माणसं असूनही "जेवलीस काय" विचारणारं इथेही कोणी नाही, पण ती माझी खोड म्हणायची. मी तरी कुठे कोणाला विचारते?

केंद्र बंद झालं हे बाबांना सांगायला म्हणून मी गावी गेले होते. त्यांना आता कमी दिसतं, ओटीवर बसून असतात. त्या दिवशी सापगावचे कोणी पाहुणे आलेले, एका लग्नाचं बोलणं होतं. त्यांनी विचारलं, "ही कोन?"

बाबा ताठ बसले. "माझी थोरली. टोकावड्याच्या वर जंगलात हिचा घर हाय."

"म्हंजे ते पालेवाल्यांच्या तिकडं?" पाहुणा हसला. "तिथं कसला घर? ती साहेबांची जागा."

"साहेबांचा बंगला येगळा," बाबा म्हणाले. "हिचा घर येगळा. मला सांगू नका. तिथला राब मी सोता भाजून दिलाय. दर वरसी बी माझा जातो." मग माझ्याकडे तोंड करून, "काय गो, खोटा बोलतो काय मी?"

"नाय बाबा," मी म्हटलं. "खरं आहे."

मला जे ऐकायचं होतं ते मी असं पुन्हा ऐकलं, कुलूप लागल्यानंतर. लीला दारात उभी होती. तिला ठाऊक होतं मी काय सांगायला आले आहे. ती आत निघून गेली. त्या दिवशी मी काही न सांगता परत आले, आणि अजून सांगितलेलं नाही.

हे मी लिहिते आहे ते कोणासाठी, मला नक्की माहीत नाही. लीला, तुझ्यासाठी असेल, तू तिथे राहिलीस. मॅडम, तुमच्यासाठीही असेल, पण तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने लिहिलेलं कोण वाचणार, म्हणून निवांत लिहिते.

घर कुठे असं कोणी विचारलं तर मी मुरबाड सांगते. रेशन कार्डावर तेच आहे. पण आता लीलाकडे मोबाइल आला आहे, आणि उन्हाळा लागायच्या सुमाराला बाबा तिच्याकडून फोन लावून घेतात. माझी तब्येत, सुनीताचा अभ्यास, यांचं काम, हे काही ते विचारत नाहीत. ते विचारतात, "तिकडं पाला पडाय लागला काय?"

मी खोटं कसं सांगणार? खिडकीतून मला पत्रे आणि टाक्या दिसतात. म्हणून त्या दिवसांत मी मुरबाडच्या बाजारात गंगी येते त्या कोपऱ्यावर जाते. गंगी ओढ्यापलीकडच्या ठाकरांच्या वाडीतली, मोळ्या आणि रानातलं काहीबाही घेऊन येते. तिथे इतकी वर्षं राहून जिच्याशी मी बोलले नाही, तिच्याशी आता बोलते. बाबांचं बी लीला आता परस्पर मुरबाडच्या गाडीने धाडते, ते मी गंगीलाच देते. ती ते वर केंद्राच्या स्वयंपाकघरामागे पेरते, माझी जागा म्हणून.

"गंगे, वर पाला पडला काय गो?"

"पडला की. ऐनाचा सगळा खाली आलाय. तुला काय करायचाय? तू आता मुरबाडची बाय."

"बाबांना सांगायचाय."

ती हसते, पण तिला ते वेडेपणाचं वाटत नसावं, कारण पुढच्या वेळी न विचारता स्वतःच सांगते. किंजळाचा पडला. सागाचा अजून आहे.

मग मी घरी येऊन फोन लावते. "बाबा, पडला पाला."

"मंग बसलीस काय?" पलीकडून बाबा ओरडतात, त्यांना वाटतं लांबच्या माणसाशी मोठ्यानेच बोलावं लागतं. "लाग गोळा करायला. वारा सुटायच्या आधी."

आणि मी, दुसऱ्या मजल्यावर, हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता, म्हणते, "लागते बाबा."